थोरांची मते, पोरांची मते

मागच्या तीन पिढ्यांत आपल्या समाजातली मते बरीच बदलली, याविषयी कुणाचे दुमत नसावे. जे बोलताना आजोबांना संकोच वाटत नव्हता, ते नातवाला ऐकवतही नाही. बिरादरी, रंग, दुसऱ्या धर्माची माणसे, गावकुसाबाहेरचा शेजार, सरकार, निवडणूक या सगळ्यांबद्दल घरातल्या थोरांचे आणि पोरांचे बोलणे ऐकावे, तर ही माणसे एकाच दस्तरखानावर जेवतात यावर विश्वास बसू नये. पोरे म्हणतात, बुजुर्ग मागासलेले होते आणि भित्रेही होते. बुजुर्ग म्हणतात, यांनी काही सोसले नाही, म्हणून यांच्या जिभेला हाड नाही. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. मला पडलेला प्रश्न मात्र निराळा आहे. आपले मत आजोबांच्या मतापेक्षा चांगले आहे, एवढ्यावरून आपण आजोबांपेक्षा चांगले ठरतो काय? माणसाचे मत त्याचे स्वतःचे किती आणि त्याच्या जमान्याचे किती? ते जमान्याचेच असेल, तर आजोबांना दोष कशाचा आणि आपल्याला शाबासकी कशाची?

घरातल्याच उदाहरणापासून सुरुवात करू. "हमारे में जात-वात कुच नै रहती बेटा, मगर पिंजाऱ्यों के घर बेटी नै देते." हे वाक्य या ना त्या रूपात ज्याने ऐकले नाही, असा मुसलमान बीड जिल्ह्यात सापडणे कठीण. पिंजाऱ्याच्या जागी तांबोळी ठेवा, बागवान ठेवा, मणियार, मोमीन, कसाई, फकीर, काहीही ठेवा. वाक्याचा घाट बदलत नाही. त्याचा पहिला अर्धा भाग दीनचा आहे आणि दुसरा गावाचा. बोलणाऱ्याला त्यात काही विसंगत आहे असे वाटतही नसे. मशिदीत खांद्याला खांदा लावून एका सफमध्ये उभे राहायचे, आणि सलाम फेरल्यावर कोण कुणाकडे जेवतो, कोण कुणाला मुलगी देतो याचा हिशेब ज्याने त्याने मनात ठेवायचा, ही व्यवस्था त्यांना पाण्यासारखी सरळ वाटत होती.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. शाळेतले सगळ्यात जपून ठेवलेले पुस्तक म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर. त्याच्या जातीच्या रकान्यात जुन्या काळी नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते आणि मुलाच्या नावाआधी 'शेख' लावलेले असते. कापूस पिंजणाऱ्याचा मुलगा शेख, पान-सुपारी विकणाऱ्याचाही शेख, बांगड्या भरणाऱ्याचाही शेख. मास्तरांनी आळसाने तसे लिहिले असेल, पण पुष्कळदा बापाने आग्रहाने तसे लिहवून घेतले असणार. धुनकीचा आवाज आणि कापसाची तूस अंगावरून झटकून टाकायची होती. मुलाला निदान कागदावर तरी वरच्या ओळीत बसवायचे होते. अब्रू वाचवायचा तेवढाच एक मार्ग त्या बापाच्या हातात होता, आणि तो त्याने धरला.

पुढे वारे फिरले. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. मंडल आयोगाच्या शिफारशींचा निर्णय १९९० साली झाला, सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली तो उचलून धरला, आणि १९९४ साली महाराष्ट्र शासनाने मुस्लिम ओबीसींना दाखले व सवलती मिळण्याचा मार्ग मोकळा केला. दिलीपकुमार यांच्यासारखा माणूस या चळवळीच्या पाठीशी उभा राहिला. ते स्वतः फळांच्या व्यापाऱ्याच्या घरातले, म्हणजे आपल्या भाषेत बागवान. तेव्हापासून आजोबांनी लपवलेली जात शोधत नातू शाळेच्या कचेरीत येतो. जातपडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि त्या तारखेआधीच्या पानावर आजोबा 'मुसलमान, शेख' होऊन बसलेले असतात. नातू चिडतो. आजोबांनी खरे का लिहिले नाही, असे विचारतो. त्याला कसे सांगावे की तुला ज्या शब्दावर आज जागा मिळते, त्याच शब्दावर तुझ्या आजोबांना ओसरीवरून उठवले जात होते?

या नातवाची पिढी 'पसमांदा' हा शब्द सहज वापरते. अशराफ-अजलाफ हा भेद कसा झाला ते मांडून सांगते. हे चांगलेच झाले. 'आपल्यात जात नाही' या खोट्या समाधानापेक्षा जात आहे हे कबूल करणे केव्हाही बरे. पण कागदावर जात सांगायला लागलेले हे पोर लग्नाच्या वेळी काय करते, हे पाहिल्यावर माझा उत्साह थोडा कमी होतो.

माझ्या परिचयातल्या एका घरातली गोष्ट आहे. घर स्वतःला सय्यद म्हणवणारे. मुलगी डी.एड. झालेली. तिला मागणी आली ती पिंजारी घरातल्या मुलाची. मुलगा औषधाचे दुकान चालवणारा, निर्व्यसनी, नमाजी. आजोबांनी ऐकताक्षणी नकार दिला. "अपनी बराबरी के नै" असे सरळ बोलले, त्याला कसलाही मुलामा दिला नाही. मुलीचे वडील मिलादच्या जलशात समतेवर दरवर्षी बोलणारे. ते म्हणाले, "मेरे को कुच नै, मगर अब्बा का दिल नै तोड़ सकता." मुलीचा भाऊ पुण्यात नोकरीला. त्याच्या मोबाइलवर एकतेचे सुविचार रोज येत असत. तो म्हणाला, उगीच लोकांना बोलायला जागा कशाला? म्हातारा तेवढ्यात म्हणाला, "मैं ना बोला, मेरे नाम पे लिख लो. मगर तुम लोगां मेरे बाद बी नै करने वाले." पुढे आजोबा अल्लाला प्यारे झाले. वर्षभराने धाकट्या मुलीसाठी स्थळ आले, तेव्हा पहिला प्रश्न बिरादरीचाच निघाला. आता मोडायला अब्बांचे दिल उरलेले नव्हते.

या घरात तिघांची मते मोजायला बसलो तर सगळ्यात वाईट मत आजोबांचे. यात मला शंका नाही, आणि वयाकडे पाहून ते मत मी बरे म्हणणार नाही. पण निदान ते त्यांचे होते. त्याचा दोष ते स्वतःच्या अंगावर घेत होते. मुलाचे आणि नातवाचे मत चांगले होते, पण ते जमान्याने घरपोच आणून दिले होते. त्यासाठी त्यांनी पदरचे काही मोजले नव्हते, आणि मोजायची वेळ आली तेव्हा म्हाताऱ्याच्या आडोशाला जाऊन उभे राहिले. आपल्या पिढीची ही खोड मला फार ठिकाणी दिसते. बुजुर्गांचे पूर्वग्रह आपल्याला नको असतात, पण त्यांचा आडोसा हवा असतो.

बुजुर्गांच्या बाजूने एक शास्त्रार्थ नेहमी केला जातो, तो कुफूचा. निकाहात दोन्ही बाजू बरोबरीच्या असाव्यात, हा फिकहमधला विचार. हनफी फुकहांनी त्या बरोबरीत नसब आणि पेशाही मोजला, हे खरे आहे. इमाम मालिक यांनी मात्र दीनदारीची बरोबरी पाहिली, हेही तितकेच खरे. म्हणजे आजोबांनी जे धरले ते दीनमधले एकमेव मत नव्हते. अनेकांतले एक होते, आणि गावाच्या रिवाजाला सोयीचे होते. हजरत जैद बिन हारिसा (रजि.) हे मुक्त झालेले गुलाम आणि हजरत जैनब (रजि.) या कुरैशच्या नातेवाईक. त्यांचा निकाह खुद्द रसूलुल्लाह (स.) यांनी लावून दिला होता. तो पुढे टिकला नाही, पण तो लावून देण्यात नसबीचा अडसर मानला गेला नाही, हे कसे विसरता येईल?

थोरांना कसे तोलावे, याविषयी मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट हजरत अबू जर गिफारी (रजि.) यांची आहे. सुरुवातीच्या काळात ईमान आणलेला हा सहाबी; त्यांची सचोटी आणि गरिबांचा कैवार यांची ख्याती अजून आहे. एकदा रागाच्या भरात त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. रसूलुल्लाहांनी त्यांना स्पष्ट सुनावले, की तुझ्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. या प्रसंगात दोन गोष्टी एकदम घडतात. माणूस मोठा आहे म्हणून त्याच्या बोलण्यावर पांघरूण घातले गेले नाही. आणि बोलणे जाहिलियतचे आहे म्हणून माणूस झिडकारला गेला नाही. अबू जर सहाबीच राहिले. आपण मात्र यातले एकच करतो. मुले झिडकारतात आणि मधली पिढी पांघरूण घालते. दादीला समोर बसून, अदबीने पण स्पष्ट, 'हे तुमचे म्हणणे बरोबर नाही' असे सांगणारा मी क्वचितच पाहिला. मोबाइलवर बुजुर्गांच्या पिढीची टवाळी करणारे पुष्कळ आहेत, पण दादी ते वाचत नाही.

रंगाचे तेच. आपल्याकडे मुलगी पाहायला जाणाऱ्या बायकांना पहिली गोष्ट दिसते ती रंग. 'साफ रंग' हा शब्दच पाहा. म्हणजे सावळा रंग मळका झाला! हजरत बिलाल हबशी (रजि.) यांचे नाव घेताना ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांनाच सावळी सून दाखवली की चहा गोड लागत नाही. यावर नवी पिढी हसते. मे २०२० मध्ये अमेरिकेत मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला पोलिसाने गुडघ्याखाली दाबून मारले, तेव्हा टाळेबंदीत घरी बसलेल्या आमच्या मुलांनीही आपापल्या मोबाइलवरचे फोटो काळे केले. त्याच वर्षी एका प्रसिद्ध गोरेपणाच्या मलमाने आपल्या नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' केला. नाव बदलले, मलम विकले जायचे थांबले नाही. त्याच मुलांच्या बहिणींचे बायोडाटा मी पाहिले आहेत. त्यात 'रंग : गोरा' हा रकाना होता तिथेच होता. हजारो मैलांवरच्या काळ्या माणसासाठी हळहळणे सोपे असते, कारण त्याची बहीण आपल्या घरात सून म्हणून यायची नसते.

खरे तर दख्खनच्या मुसलमानाला या बाबतीत अमेरिकेकडे पाहायचेही कारण नव्हते. मलिक अंबर हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत दख्खनला आला, आणि निजामशाहीचा कारभार त्याच्या मुठीत आला. १६१० साली त्याने वसवलेली खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याच्या नहरीचे पाणी शहराने पिढ्यान्‌पिढ्या प्यायले. जमीनमहसुलाची त्याची पद्धत मराठवाड्यात नावाजली गेली. बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत त्याच्या रंगावरून त्याला शिव्या देतो. एवढेच नाही, त्याने अबुल हसन या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले. त्यात तो मलिक अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात जहांगीरला तो कधीच मारता आला नाही. १६२६ साली मलिक अंबर वृद्ध होऊन मरण पावला, आणि खुलताबादला त्याची कबर आहे. आमची मुले आता मलिक अंबरचा अभिमान बाळगू लागली आहेत, त्याच्यावर लिहितात, बोलतात. बाळगू द्या. पण एखाद्या सावळ्या पोरीचा चेहरा पाहून घरात कुजबूज होते, तेव्हा यातला कुणी उठून बोलला, तर मलिक अंबरचे काही देणे फेडले असे मी म्हणेन.

आतापर्यंत वाचून कुणाला वाटेल, की हा लेखक बुजुर्गांना वाईट मताचे आणि पोरांना ढोंगी ठरवून मोकळा होणार. तसे नाही. राजकारणाकडे वळले की हिशेब अवघड होतो, आणि तिथे बुजुर्गांचे पारडे मला जड वाटते.

पोरे त्यांना भित्रे म्हणतात. बैलजोडी, मग गायवासरू, मग पंजा, चिन्ह बदलत गेले तरी यांचा शिक्का एकाच पक्षावर, असा आरोप असतो. आरोप संपूर्ण खरा नाही. याच बीडने १९६७ साली कम्युनिस्ट क्रांतिसिंह नाना पाटलांना आणि १९७७ साली मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे यांना लोकसभेत पाठवले. त्या मतांत आपल्या मोहल्ल्यांतली मते नव्हती असे कोण म्हणेल? पण आरोपातला जो भाग खरा आहे त्यालाही कारण आहे, आणि ते कारण १९४८ सालात आहे.

सतरा सप्टेंबर १९४८. शेजारचे लोक त्या दिवसाला मुक्तीचा दिवस म्हणतात, आपले बुजुर्ग 'पुलिस ॲक्शन' म्हणतात, आणि दोन्ही नावे खरी आहेत. निजामाची राजवट जुलमी होती, लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत केलेले अत्याचार खरे होते, आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढलेली माणसे न्यायासाठीच लढली. त्यानंतर जे झाले तेही खरे होते. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या मंडळाने संस्थानात फिरून जो अहवाल दिला, त्यात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज आहे. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त पोळले. त्याखालोखालच्या चार जिल्ह्यांत बीडचे नाव आहे. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

त्या पिढीला ज्या शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरायचे होते, ज्याच्या शेतात कामाला जायचे होते, त्याच्याबरोबरच उरलेले आयुष्य काढायचे होते. त्यांनी तोंड मिटले. मुलांना सांगितले नाही, नातवांना तर नाहीच. याला भीती म्हणायचे तर म्हणा, भीती होतीच. पण नुसत्या भीतीने माणूस गप्प बसतो, शेजाऱ्याच्या पोरीच्या लग्नात मांडव घालायला जात नाही. हे लोक गेले. दिवाळीचा फराळ यांच्याकडे आला आणि ईदचा शीरखुर्मा तिकडे गेला. ज्या गप्प राहण्याला आमची पोरे लाचारी समजतात, त्यात मेहनत होती. ती त्यांनी रोज केली, आणि आम्ही पोरे द्वेष न शिकता वाढलो ती त्या मेहनतीवर.

आज ती सतरा सप्टेंबरची गोष्ट मुलांना मोबाइलवर मिळते, आणि दोन तुकड्यांत मिळते. एका तुकड्यात फक्त रझाकार असतात, दुसऱ्यात फक्त कत्तल. सुंदरलाल अहवालात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे, ती दोन्हीकडच्या पोरांच्या मोबाइलवर येत नाही. अनेक ठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवले, आणि ही आपुलकी एकाच धंद्यातल्या लोकांत विशेष दिसली. हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी हिंदू हल्लेखोरांसमोर उभे राहिले, आणि काहींनी त्यात प्राणही गमावले. ज्या माणसाबरोबर रोज मागावर बसतो त्याला मरू द्यायचे नाही, एवढेच त्यांना कळत होते. धर्म, जात, सलोखा यांवर त्यांची मते काय होती कुणास ठाऊक. कदाचित आमच्या आजोबांसारखीच जुनाट असतील.

मग 'जमानाच तसा होता' ही सबब कुणाला लागू करायची? शोएबुल्लाखान यांचाही जमाना तोच होता. हैदराबादेत 'इमरोज' नावाचे उर्दू दैनिक चालवणारा हा तरुण पत्रकार. भारतात सामील व्हावे, असे त्याने लिहिले. रझाकारांवर टीका केली. भोवतालचे वारे सगळे उलट वाहत होते. २२ ऑगस्ट १९४८ रोजी त्याला रस्त्यात गाठून मारले. वय अठ्ठावीसच्या आसपास. तो होता, म्हणून त्या जमान्यातल्या प्रत्येकाला जमान्याच्या नावावर सोडून देता येत नाही. आणि ते विणकर होते, म्हणून प्रत्येकाला दोषीही धरता येत नाही. सगळ्यांकडून शोएबुल्लाखान होण्याची अपेक्षा करणे हा मला अन्यायच वाटतो, विशेषतः ज्याला कधी तसे काही करावे लागले नाही, अशा माणसाने ती करणे.

मधल्या पिढीबद्दल थोडक्यात सांगतो. सहा डिसेंबर १९९२ ने तिला घडवले. बुजुर्गांचा भरवसा तिने गमावला आणि नव्या कशाचा तिला सापडला नाही. २०१२ साली नांदेडात, २०१४ आणि २०१९ साली औरंगाबादेत मजलिसला मते पडली, तेव्हा घराघरांत वाद झाले. रझवीच्या काळातले तेच नाव बुजुर्गांच्या कानाला कसे लागले असेल, हे पोरांना कळले नाही. तो पक्ष पुढे राज्यघटनेच्या चौकटीत नव्याने उभा राहिला, हे बुजुर्गांच्या गळी उतरले नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे या. २०२३ च्या सप्टेंबरात शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला. कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती बसली. निजामकाळातली दप्तरे उघडली गेली, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्या लिपीला 'परकी' म्हणून हिणवले जात होते, तिच्यात मराठ्यांच्या पणजोबांची नावे निघाली. या योगायोगावर फार हसता येत नाही, कारण पुढे हसण्यासारखे काही झाले नाही. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड आणि माजलगावात जाळपोळ झाली. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची क्रूर हत्या झाली, आणि त्यानंतर जिल्ह्यात आडनावावरून माणूस ओळखायची सवय इतकी वाढली, की २०२५ साली बीड पोलिसांना छातीवरच्या पट्टीवर आडनाव न लावता नुसते नाव लावायला सांगण्यात आले. एका चहाच्या टपरीवरचे लोक दोन टपऱ्यांवर गेले. या सगळ्यात आपल्यातले बुजुर्ग म्हणत, "अपना झगडा नै." पोरे मात्र मोबाइलवर तावातावाने बाजू घेत होती, कुणी या बाजूची, कुणी त्या. १९७८ सालीही, नामांतराच्या प्रश्नावर मराठवाड्यात दलितांची घरे जळत होती तेव्हा, 'अपना झगडा नै' हेच वाक्य आमच्याकडे बोलले गेले, असे ज्येष्ठांकडून ऐकले आहे. म्हणजे तेच वाक्य एकदा शहाणपणाचे ठरते आणि एकदा निर्दयपणाचे. भांडण दोन तुल्यबळांचे असेल तर बाजूला राहणे बरे. एकाचे घर जळत असेल तर ते भांडण नसतेच, आणि तिथे आपले बुजुर्ग चुकले. हे म्हणायला मला जड जाते, पण म्हणायला हवे.

३० मार्च २०२५ च्या पहाटे, ईदच्या आदल्या दिवशी, गेवराई तालुक्यातल्या अर्धा मसला गावच्या मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट झाला. पकडलेले दोघे विशी-पंचविशीतले. त्यातल्या एकाने जिलेटिन हातात धरून केलेला व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकल्याचे निघाले. आदल्या रात्री त्याच गावात संदल निघाला होता, आणि त्यात दोन्हीकडचे लोक चालत होते. संदलमध्ये चालणाऱ्या म्हाताऱ्यांची मते तपासली, तर त्यांत जातीपातीचा, शिवाशिवीचा कचरा पुष्कळ निघेल. तरी ते चालत होते. आणि ही पोरे मते कुठून घेतात? गावातून घेत नाहीत, एवढे नक्की. आपल्या पोरांच्या हातातही तोच मोबाइल आहे, तीच चटक आहे. दुसऱ्याचे पोर बिघडले म्हणून आपले सुधारलेले ठरत नाही.

मागच्या वर्षी याच विषयावर बोलायला मी एका वृद्ध बाईंकडे गेलो होतो. वय पंच्याऐंशीच्या पुढचे. पुलिस ॲक्शनच्या वेळी त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. शेजारच्या एका हिंदू घराने त्यांना आणि त्यांच्या आईला कडब्याच्या गंजीआड चार दिवस लपवले, भाकरी पोचवली, आणि विचारायला आलेल्यांना दारातून परत पाठवले. हे सगळे त्यांनी सांगितले, घराचे नाव तेवढे सांगितले नाही. मी विचारले तर म्हणाल्या, "नै मास्टर साब. उस घर का पोता आजकल जुलूस में सब से आगे रहता. उस के यारां को मालूम हुआ तो उस को सुनाएंगे." नात बाजूलाच बसली होती, बारावीत शिकणारी. ती उसळून म्हणाली, "दादी, तेव्हाच तर सांगायला पाहिजे! त्यालाही कळू दे त्याच्या घराने काय केलं ते. खरं का लपवायचं?" म्हातारीने पानाचा डबा पुढे ओढला आणि म्हणाली, "बोल के तेरा क्या जाता? जाएगा वो उस बच्चे का जाएगा. उस की दादी हमारे वास्ते झूठ बोली थी. मैं उस के वास्ते चुप बी नै रहूँ?" नातीला ते पटले नाही. ती म्हणाली, त्या आजीने जिवावर उदार होऊन जे केले ते कुणालाच न कळता संपून जाणार, हे बरोबर आहे का? दादीकडे त्यावर लगेच उत्तर नव्हते. तिने सुपारी कातरली, नातीने तोंड फिरवले, आणि मी निघेपर्यंत दोघी पुन्हा त्याच मुद्द्यावर आल्या होत्या.